आजीच्या गोंदणातली तुळस ठाण्यात कुणी करून देईल का?

मदत हवी आहे. आजीच्या हातावर तुळशीचं गोंदण होतं, खाली तीन टिपके. तेच मला मनगटावर करून घ्यायचंय. गोंदण मेल्यावरही सोबत येतं, असं ती म्हणायची. टिपक्यांचा अर्थ मात्र घरात कुणालाच सांगता येत नाही. तुमच्याकडे कुणाला ठाऊक आहे का?

नौपाड्यातल्या एका स्टुडिओत उनालोम (बौद्ध परंपरेतलं वळणदार चिन्ह), कोई हा जपानी मासा, सेमिकोलन (;) असे नमुने दाखवले. सेमिकोलनचा अर्थ, आयुष्याचं वाक्य संपवता आलं असतं पण संपवलं नाही, खरंच भिडतो. तरी मला आजीचीच तुळस हवी.

ठाणे, कळवा, ऐरोलीकडे बारीक टिपक्यांचं काम नीट करणारं, सुईचं नवं पाकीट समोर फोडणारं कुणी असेल तर सुचवा. वर्ष-दोन वर्षं जुन्या कामाचा फोटो टाकलात तर फार बरं, बारीक रेषा पुढे पसरतात.