कॅनन एस९५ की पॅनासॉनिक एलएक्स५? जुना कॉम्पॅक्ट घेतेय, जरा सांगा

पावसाळी:
नमस्कार मंडळी. मोबाइलवर फोटो काढायचा अक्षरशः कंटाळा आलाय, सगळे एकसारखे घासूनपुसून काढल्यासारखे येतात, म्हणून एखादा जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा सेकंडहँड घ्यायचा ठरवलंय. शोधून शोधून दोनच नावं उरलीत, कॅनन पॉवरशॉट एस९५ आणि पॅनासॉनिक ल्युमिक्स एलएक्स५. दोन्ही २०१० चे, दोन्ही १० मेगापिक्सेल, दोन्हीत सीसीडी सेन्सर (फोटो टिपणाऱ्या चिपचा जुना प्रकार), दोन्हीची लेन्स एफ/२ पासून सुरू, दोन्हीत रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) मिळतं, स्क्रीनसुद्धा दोन्हीचा ३ इंची. कागदावर बघितलं तर जुळी भावंडंच वाटतात आणि मी दोन आठवडे नुसती इकडून तिकडे लोंबकळतेय.

वापर म्हणाल तर घरातली माणसं, संध्याकाळी दिव्याच्या उजेडात, फिरायला गेल्यावर थोडंफार, आणि फुलं-किडे जवळून काढायची हौस आहे. व्हिडिओ अजिबात नको. अ‍ॅपर्चर-शटर वगैरे स्वतः फिरवून शिकायचंय. आणि ते सीसीडीचे रंग वेगळेच असतात असं सगळीकडे वाचतेय ते खरं आहे का हो? सेकंडहँड घेताना काय काय बघू तेही सांगा, मला यातलं ओ की ठो कळत नाही.

खिसाभर:
एस९५. खिशात मावतो. विषय संपला.

अंधारकोठडी:
@खिसाभर अहो विषय आत्ता कुठे सुरू झालाय :)

@पावसाळी, "दोन्ही एफ/२" हे वाचून थांबू नका, तो आकडा फक्त झूम पूर्ण मागे असतानाचा आहे. एस९५ ची लेन्स २८ ते १०५ एमएम (म्हणजे ३५ एमएम फिल्मच्या हिशोबात, आकडा लहान तितकं रुंद दिसतं) आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं तोंड, एफ/२ ते एफ/४.९ (एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं). एलएक्स५ ची २४ ते ९० एमएम, आणि एफ/२ ते एफ/३.३. आता तुम्ही म्हणताय घरातली माणसं, संध्याकाळी. माणसाचा चेहरा २८ वर काढायला गेलात तर कॅमेरा पार तोंडाजवळ न्यावा लागतो आणि नाक मोठं दिसतं, म्हणून आपण साहजिकच झूम करतो, आणि झूम केला की एस९५ चं अ‍ॅपर्चर बारीक बारीक होत जातं. पूर्ण झूमला ४.९ आणि ३.३ म्हणजे एक स्टॉपपेक्षा जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). सोप्या भाषेत, एलएक्स५ जिथे आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता, वाढवली की दाणे वाढतात) ४०० वर १/६० सेकंद शटर देईल तिथे एस९५ ला आयएसओ ८०० च्या वर जावं लागेल किंवा शटर १/३० च्या खाली आणावं लागेल. दोन्हीत स्टॅबिलायझेशन आहे पण ते आपला हात हलतो त्यासाठी, समोरचं पोरगं हलतंय त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आणि या दोन्ही कॅमेऱ्यांत आयएसओ ८०० म्हणजे रॉ काढून नीट प्रोसेस केलं तर चालतं, १६०० ला दाणे स्पष्ट दिसतात, ३२०० आहे असं समजूच नका. त्यामुळे तो एक स्टॉप इथे फार मोलाचा आहे, नव्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात तेवढ्याने काही बिघडत नाही, इथे बिघडतं.

उलट बाजू पण सांगतो. तुम्ही रुंदच काढणार असाल, म्हणजे खोलीतलं सगळं, जेवणाचं टेबल, चारपाच जण एकत्र, तर दोन्ही एफ/२ वर सारखेच, मग एस९५ चा लहान आकार जिंकतो. म्हणजे प्रश्न कुठला कॅमेरा चांगला हा नाहीच, तुम्ही झूमचा दांडा किती ओढता हा आहे.

अजून एक, एफ/२ वाचून पाठीमागचं सगळं मऊ धूसर होईल अशी अपेक्षा ठेवू नका. सेन्सर नखाएवढा आहे. फुल फ्रेमच्या हिशोबात हा एफ/२ साधारण एफ/९ सारखी डेप्थ देतो, म्हणजे पुढचं-मागचं बरंचसं स्पष्टच राहतं. अगदी जवळून फूल काढलंत तर मागचं उडेल, माणसाच्या मागचं नाही उडणार. आणि त्याच कारणाने एफ/८ ला जाऊच नका, दोन्हीत ती शेवटची मर्यादा आहे आणि तिथे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) फोटो मऊ पडतो. एफ/४ च्या आसपास खेळा.

झाकणवाला:
मी एलएक्स५ बरीच वर्षं वापरतोय, म्हणून आधी तक्रारी सांगतो, कौतुक नंतर.

लेन्सला वेगळं झाकण आहे, हाताने काढायचं. एस९५ मध्ये पाकळ्या आपोआप उघडतात मिटतात, इथे नाही. झाकण तसंच ठेवून कॅमेरा चालू केला की स्क्रीनवर आधी झाकण काढा म्हणून मेसेज येतो आणि तोवर समोरचं मांजर निघून गेलेलं असतं. दोरीने बांधलं तर ते झाकण लोंबकळत राहतं, वाऱ्यात फोटोत येतं. बंद असतानाही लेन्सचा भाग पुढे आलेला असतो म्हणून पँटच्या खिशात नाही जात, जॅकेट किंवा पर्स लागते. वजन बॅटरी धरून २७० ग्रॅमच्या आसपास, एस९५ २०० च्या आतच.

आता कौतुक. लेन्सच्या वरच एक सरकपट्टी आहे, ४:३, ३:२, १६:९ आणि चौकोनी. आधी मला वाटलं हे काय खेळणं, पण सेन्सर मुळात थोडा मोठा ठेवलाय आणि त्यातला वेगवेगळा भाग वापरतात त्यामुळे पहिल्या तिन्ही आकारांत २४ एमएमचा रुंद कोन तसाच राहतो, नुसतं वरून खालून कापलेलं नसतं. चौकोनी मात्र कापलेलंच. त्या पट्टीमुळे फोटो काढायच्या आधी चौकटीचा विचार करायची सवय लागते. फोकसची सरकपट्टी पण तिथेच बाजूला, मॅक्रोवर टाकली की रुंद बाजूला १ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं (एस९५ ला ५). किडे म्हणालात म्हणून सांगतोय, पण १ सेंमीवर कॅमेऱ्याचीच सावली पडते आणि किडा काही आपल्यासाठी थांबत नाही, फुलांना ठीक.

वर हॉट शू आहे, बाहेरचा फ्लॅश लावता येतो, एस९५ ला ती सोयच नाही. बॅटरी एलएक्स५ ची कंपनीच्या मोजमापात ४०० फोटो, एस९५ ची २००. जुन्या बॅटरीत दोन्हीचं अर्धं धरा.

रंगशंका:
सीसीडीच्या रंगांबद्दल. हे प्रकरण हल्ली फार फुगवलंय राव. सीसीडी काय किंवा सीमॉस (हल्लीच्या मोबाइल-कॅमेऱ्यांतला सेन्सर) काय, सेन्सरला मुळात रंग कळतच नाही, तो फक्त किती उजेड पडला ते मोजतो. रंग येतो तो वर बसवलेल्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरच्या जाळीतून आणि नंतर कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर जेपेग बनवताना जे काय करतं त्यातून. हे दोघंही सीसीडीवालेच आहेत आणि दोघांचे जेपेग एकसारखे अजिबात नाहीत! कॅनन त्वचा जरा गुलाबी-उबदार दाखवतो, घरातल्या पिवळ्या दिव्यात त्याचं व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणं) मला जास्त पटतं. पॅनासॉनिकचे जेपेग थोडे थंड, त्वचा कधीकधी पिवळसर. एकाच जातीचे सेन्सर, तरी हे असं, मग रंगाचं श्रेय सीसीडीला कसं देणार? रॉ काढलंत तर हा फरक बराचसा तुमच्या हातात येतो, कॅननची सीआर२ आणि पॅनासॉनिकची आरडब्ल्यू२ या दोन्ही रॉ फाइली डार्कटेबल नावाच्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकटात उघडतात.

जुन्या कॅमेऱ्यांचा म्हणून जो "लुक" लोकांना आवडतो तो निम्मा तर समोरून मारलेल्या झेनॉन फ्लॅशचा आहे. मोबाइलचा एलईडी नुसता दिवा लावल्यासारखा, हा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात सगळं गोठवतो. नाचणारी माणसं काढून बघा, लगेच कळेल. उरलेला निम्मा म्हणजे या कॅमेऱ्यांत मोबाइलसारखं दहा फ्रेम एकत्र करून सावल्या उजळवणं नाही, काळं ते काळं राहतं आणि उडालेलं आकाश उडालेलंच राहतं. तुम्हाला घासूनपुसून काढलेलं नको असेल तर हेच हवंय तुम्हाला, सीसीडी असो नसो.

मोबाइलबरा:
इतकं सगळं करून अंधारात आजचा साधा मोबाइल दोघांनाही मागे टाकतो हे कुणी बोलतच नाही.

अंधारकोठडी:
@मोबाइलबरा स्थिर वस्तू असेल तर टाकतो, मान्य. पण त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलंय मोबाइलचा कंटाळा आलाय म्हणून. आणि मोबाइलवर अ‍ॅपर्चर शिकणार कसं, बहुतेक मोबाइलमध्ये ते फिरतच नाही.

पावसाळी:
बापरे, इतकी माहिती! @झाकणवाला तुमचा मांजराचा मुद्दा थेट काळजाला लागला, माझ्याकडे पण आहे एक आणि ते तर झाकण बघूनच पळेल. @अंधारकोठडी मोबाइलमधले जुने फोटो काढून बघितले, झूम मी जवळपास करतच नाही, दोन पावलं पुढे जाते, सगळे रुंदच आहेत. मग एस९५ कडे झुकू का? आणि ते लेन्सभोवतीचं कडं म्हणतात ते शिकायला खरंच उपयोगी आहे की नुसतं दिखाऊ?

खिसाभर:
कडंच तर खरी गंमत आहे. कट् कट् आवाज करत फिरतं आणि त्यावर काय लावायचं ते आपण ठरवायचं, अ‍ॅपर्चर लावा, आयएसओ लावा, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करणं) लावा. मी त्यावर स्टेप झूम लावलाय, २८, ३५, ५०, ८५, १०५ असा टप्प्याटप्प्याने जातो, त्यामुळे ३५ ला काय दिसतं आणि ५० ला काय हे डोळ्यात बसतं. शिकायचं असेल तर कड्यावर अ‍ॅपर्चर आणि मागच्या चाकावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन ठेवा आणि मेनूत जाऊच नका.

दोन खोडी आहेत. एक, फ्लॅश वरच्या डाव्या कोपऱ्यातून मोटरने आपोआप वर येतो आणि आपलं डावं बोट नेमकं तिथेच असतं. दाबून धरू नका, त्याला येऊ द्या. दुसरी, शटर १/१६०० च्या वर जात नाही, त्यामुळे भर उन्हात एफ/२ वर काढायला गेलात की फोटो पांढराफटक. एफ/४ करा, सुटला प्रश्न. (एलएक्स५ १/४००० पर्यंत जातो, पण कडक उन्हात एफ/२ ला तेही कमीच पडतं.) धरायला बॉडी गुळगुळीत आहे, मनगटाची दोरी लावाच.

स्क्रूड्रायव्हर:
सगळे मॉडेलवर भांडतायत, पण इतक्या जुन्या वस्तूत मॉडेलपेक्षा समोरचा पीस कसा आहे तेच महत्त्वाचं. धडधाकट एलएक्स५ आणि खरखरणारा एस९५ असेल तर डोळे मिटून एलएक्स५ घ्या. उलटंही तेच.

हातात घेतल्यावर: चालू-बंद निदान दहा वेळा करा. लेन्स बाहेर येताना कान देऊन ऐका, एकसारखी घूं यायला हवी, मध्ये कर्र वाजलं किंवा अडखळली तर वाळू गेलीय किंवा कधीतरी पडलाय. बाहेर येणाऱ्या लेन्सचे सगळेच कॉम्पॅक्ट शेवटी इथेच मरतात, लेन्स एरर दाखवून बंद पडतात, आणि दुरुस्ती परवडत नाही. झूम पुढे नेऊन लेन्सच्या नळीला हलकंसं बोट लावून बघा, किंचित ढिलाई असते पण एका बाजूला कललेली नको.

मग मोड ए वर (कॅननवर एव्ही, अ‍ॅपर्चर आपण ठरवायचा मोड), पूर्ण झूम, एफ/८, आणि कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा फोटो. तो स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत बघा. करडे गोल डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. लेन्स निघत नसल्याने ती आपल्याला पुसता येत नाही, पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो. एफ/२ वर हे डाग दिसतच नाहीत, म्हणून विकणारा नेहमी एफ/२ चे फोटो दाखवतो. एकदा मला एकाने पाठवलेले नमुन्याचे सगळे फोटो असेच होते, भिंतीचा मागितल्यावर उत्तरच आलं नाही, मी पण नाद सोडला.

त्यानंतर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून लेन्समध्ये बघा. धुळीचे एकदोन कण चालतात, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर बुरशी, हातही लावू नका.

बॅटरी काढून फुगलीय का बघा, टेबलावर ठेवून फिरवली आणि भिंगरीसारखी गरगरली तर फुगलीय. आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट काही नको. बॅटरी दोनेक मिनिटं बाहेर ठेवून परत घाला, तारीख-वेळ विचारली तर आतली छोटी बॅटरी उतरलीय. एखादा दिवस चार्ज झालेली बॅटरी आत राहिली तर बऱ्याचदा ती परत भरते, पण घासाघीस करायला मुद्दा चांगला आहे ;)

झाकणवाला:
वरच्यात एकच भर, एलएक्स५ बघायला मिळालाच तर मेनूत फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) व्हर्शन बघा, २.० मध्ये फोकसचा वेग थोडा वाढला होता. आणि दोन्हीपैकी काहीही घ्या, चार्जर सोबत आहे ना ते आधी विचारा. एस९५ यूएसबी केबलने चार्ज होत नाही, बॅटरी काढून वेगळ्या चार्जरलाच लावावी लागते. त्याची बॅटरी एनबी-६एल, ती कॅननच्या इतरही बऱ्याच कॉम्पॅक्टमध्ये असल्याने बाहेरच्या कंपन्यांची सहज मिळते, एलएक्स५ ची त्या मानाने शोधावी लागते.

पावसाळी:
एका एस९५ वाल्याला आत्ताच मेसेज टाकला, पांढऱ्या भिंतीचा एफ/८ वरचा फोटो आणि लेन्स बाहेर येतानाचा आवाजासकट व्हिडिओ मागितलाय. चार्जर आहे म्हणाला. अजून एकच विचारते, माझ्याकडे ६४ जीबीचं कार्ड पडून आहे, चालेल का?

खिसाभर:
चालतं, एस९५ एसडीएक्ससी (३२ जीबीच्या वरची कार्डं) घेतो. आधीचा एस९० घेतला असतात तर ३२ च्या वर अडलं असतं. कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून घ्या, कॉम्प्युटरवर नको.

स्क्रूड्रायव्हर:
व्हिडिओ आला की इथे टाका, आवाज ऐकून सांगतो.