आधी जमीन हातात हवी
भिंतीवर म्युरल (मोठं चित्र) रंगवलं, संग्रहालय उभारलं की कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीतली कला टिकते, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातली कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती, थर्ड वॉर्ड, बघा. १९९३ मध्ये रिक लो आणि सहकारी कृष्णवर्णीय कलाकारांनी तिथली २२ पडीक शॉटगन घरं वाचवली: अरुंद, एकामागे एक खोल्या, पुढे ओसरी. काहींत कलाकारांची मांडणी, काहींत शिकणाऱ्या एकट्या आया मुलांसह राहिल्या. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. आजूबाजूला महागडी घरं उठली, जुने भाडेकरू गेले. लो आणि सहकाऱ्यांची ही संस्था, ‘प्रोजेक्ट रो हाउसेस’, टिकली, कारण जागा संस्थेच्या मालकीची. जवळच्या इमॅन्सिपेशन पार्कची जमीनही गुलामीतून सुटलेल्यांनी १८७२ मध्ये पैसे जमवून, जूनटीन्थ (गुलामीतून सुटकेचा १९ जूनचा सण) साजरा करायला विकतच घेतली होती.