२६/११ : त्या रात्री तुम्ही काय करत होता?

दरवर्षी २६ नोव्हेंबरला मेणबत्त्या लागतात, फ्लेक्स लागतात, दोन दिवसांत उतरतात. १६६ माणसं गेली, हा आकडा आपल्याला पाठ आहे. २००८ सालच्या त्या बुधवारी रात्री तुम्ही कोल्हापूरकर कुठं होता, कुणाला फोन लावलात, कोण दारात आलं, ते लिहा. भाषण नको.

चप्पल लाइन, व्यापारी
माल पोचवायला दादरला गेलो होतो. परतीचं तिकीट महालक्ष्मी एक्स्प्रेसचं. सीएसटीच्या मोठ्या हॉलमध्ये पेपर अंथरून बसलो. शेजारी बिहारकडचं एक कुटुंब, त्यांची गाडी रात्री उशिराची. बाई पोराला पाणी पाजायला गेली तेवढा वेळ मी त्यांच्या बोचक्यांवर लक्ष ठेवलं. आल्यावर तिनं कागदात गुंडाळून दोन ठेकुआ, त्यांच्याकडचा तळलेला गोड पदार्थ, हातावर ठेवले. साडेआठच्या आत आमची गाडी हलली. तासाभरानं त्याच हॉलमध्ये गोळीबार. स्टेशनात ५८ जण गेले.

कर्जतच्या पुढं डब्यात फोन वाजायला लागले. माझा बंद पडलेला. वरच्या बर्थवरच्या पोरानं न मागता आपला दिला, मग तो फोन डबाभर फिरला. ‘मी गाडीत हाय, ठेवतो,’ एवढंच बोलायचं, असा नियम आपोआप झाला. घाटात रेंज जायची, पुण्याला बॅलन्स संपला. सकाळी कोल्हापूर स्टेशनवर ही गर्दी. मला वाटलं कुणी मंत्री उतरतोय. सगळे आमचेच घरचे. ते ठेकुआ खाल्लेच नाहीत. त्या कुटुंबाचं काय झालं, आजतागायत कळलं नाही.

निवृत्त हवालदार, कसबा बावडा
आमची त्या रात्री नाकाबंदी. हातात लाठी. तुकाराम ओंबळेही गिरगाव चौपाटीवर लाठी घेऊनच उभे होते, हे दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा आम्ही चौघं आपापल्या लाठीकडं बघत बसलो. कसाबच्या एके-४७ ची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. आमच्या शेजारच्या साताऱ्याचा गडी, केडंबे गावचा. राग एकाच गोष्टीचा येतो. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर ओंबळे, करकरे, कामटे, साळसकर पोस्टाच्या तिकिटाएवढे, आणि खाली ‘शुभेच्छुक’ हातभर. कसल्या शुभेच्छा रे बाबांनो?

गंगावेस
९ डिसेंबरला बकरी ईद आली. नमाजला काळी फीत लावून जायचं ठरलं. देशात बऱ्याच ठिकाणी लावली होती. अम्मीनं जुन्या छत्रीचं कापड कापून त्याला टाचण्या टोचल्या. खरं सांगू? मला लावायची नव्हती. दुःख होतंच, पण ते दाखवून देण्याचं काम आमच्याकडंच का? मुंबईत नऊ अतिरेक्यांना दफनाला जागा द्यायची नाही असं तिथल्या कबरस्तानच्या ट्रस्टनं सांगितलं, ते मात्र आतून पटलं होतं.

रात्री दूध कट्ट्यावर तालमीतला मित्र छातीवरची फीत चाचपून म्हणाला, “छत्री संपली काय? दे की एक.” मिशीला दुधाचा फेस तसाच, आणि हा टाचणी लावत बसला. आमच्याकडं तालमीत गणपती बसतो तसे मोहरमचे पंजेही बसतात, त्यामुळं एकीबिकीवर फार बोलावं लागत नाही, असं मी जून २०२३ पर्यंत म्हणायचो. त्या दिवशी शहरात दगडफेक झाली. माझ्या दुकानाचं शटर ओढायला तोच पळत आला. बाकीचे कट्टेकरी कुठं होते, तेही लक्षात आहे.

कॉलेजात आहे, राजारामपुरी
माझा जन्म २००९ चा. आमच्या शाळेत दोन मिनिटं मौन, मग हजेरी. वरचं छत्रीचं वाचून आत्ता आजीला विचारलं. म्हणाली, शनिवारी सकाळी सगळं संपेपर्यंत टीव्ही बंद केला नाही. भाकरी थापता थापता ताजच्या किती खिडक्यांतून धूर येतोय ते मोजत होते.

चप्पल लाइन, पुन्हा
कुणीतरी विचारलंय, त्या पोराचा बॅलन्स भरून दिला का? मिरजेला डब्यात वर्गणी काढली, तर घेईना. पण माझा फोन त्याच्याच नंबरवरून घरी गेलेला. दुपारी बायकोनं गुपचूप पन्नासाचं रिचार्ज मारलं. तिच्या फोनमध्ये तो अजून ‘महालक्ष्मी पोरगा’ म्हणून सेव्ह आहे. आता त्याला दोन मुली आहेत, अंबाबाईला येतो तेव्हा उतरायला आमच्याकडंच.