३२ बोअर: लिमिटेड एडिशन घ्यावं की युद्धकाळातलं? परवान्यावर एकच जागा शिल्लक

कृष्णाकाठ, सांगली

शस्त्रपरवान्यावर बारा बोअर डबल बॅरल बंदूक आहे, दुसरी जागा मोकळी आहे आणि तिच्यावर ३२ बोअर पिस्तूल मंजूर झालंय. समोर दोन नग आहेत.

पहिला जर्मन वॉल्थर कंपनीचा पीपी. स्लाइडवर (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) जर्मनीतल्या झेला-मेहलिसचा पत्ता, गरुडाचे शिक्के, ब्ल्यूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) अंदाजे ७० टक्के शिल्लक, मॅगझिन एकच. दुसरा त्याच कंपनीचा पण युद्धानंतरचा, कोरीवकाम केलेला, मखमली अस्तराच्या लाकडी पेटीत, सोबत 'मर्यादित आवृत्ती' असा छापील कागद. दुसऱ्याला जवळपास दीडपट मागताहेत.

रोज वापरायचं नाही, संग्रहात ठेवायचं आहे. वीस वर्षांनी कोणत्या नगाला गिऱ्हाईक राहील? गरुड खरा की नंतर मारलेला, हे कसं ओळखायचं? हस्तांतराची रीत काय? आणि सांगलीच्या पावसाळ्यात ठेवायचं कसं?

जुनापोलाद, कराड

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. कारखान्यानं ठरवून केलेली दुर्मीळता आणि परिस्थितीनं घडलेली दुर्मीळता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजार पैसे मोजतो तो दुसरीसाठी.

कोल्ट १९११ या अमेरिकी लष्करी पिस्तुलाचं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात त्याचीच सुधारित आवृत्ती, १९११ए१, पाच कंपन्यांनी बनवली. त्यात रेमिंग्टन रँड, म्हणजे आपल्याकडं कचेऱ्यांमधून ज्यांचे टाइपरायटर खडखडायचे तीच, तिनं पावणेनऊ लाखांच्या आसपास नग काढले. सिंगर, शिलाई मशीनवाली, तिनं फक्त ५००. तिला ती ऑर्डर पिस्तूल बनवायला शिकण्यासाठी मिळाली होती. पुढं तिच्याकडं तोफांच्या नेमनियंत्रण यंत्रांचं काम गेलं आणि पिस्तूल तिथंच थांबलं. तेव्हा 'लिमिटेड एडिशन' हा शब्द कुणाच्या डोक्यातही नव्हता. नग वाटले गेले, वापरले गेले, हरवले, भंगारात गेले. आज त्यातला मूळ फिनिशचा एखादा निघाला की लिलावात सगळे माना वळवतात.

आता दुसरी बाजू. कोल्टनंच १९६७ ते ६९ या काळात पहिल्या महायुद्धातल्या चार लढायांच्या नावानं १९११ ची स्मारक मालिका काढली. साधी आवृत्ती प्रत्येक लढाईला ७,४००. चारांची बेरीज करा, तीस हजाराला पोचते. वर सगळ्यांनी ती पेटीतच जपली. एकही नग कमी होत नाही, मग दुर्मीळ होणार कसा? शिवाय असल्या नगाची किंमत 'न झाडलेला' या एकाच गोष्टीवर उभी असते. एक मॅगझिन झाडा, नळीच्या तोंडाशी घासल्याची चमकदार रेघ उमटते आणि वरची रक्कम गेली.

सिग एम१७ या अमेरिकी लष्कराच्या पिस्तुलाची ५,००० नगांची स्मारक आवृत्ती याच जातीची, फक्त तिच्यामागं चालू लष्करी करार असल्यानं थोडा जास्त दम आहे. कोल्टचं एम४५ए१ मात्र वेगळं. ते अमेरिकेच्या मरीन कॉर्ससाठी २०१२ च्या करारानं बनलं, त्यांच्या हातात फिरलं आणि मग बाहेर आलं. रंग उडालेले, कडा घासलेले नगसुद्धा लोक हौसेनं घेतात, कारण ते घासणं म्हणजेच त्याचा दाखला. (ही सगळी माहिती अमेरिकेतल्या बाजाराची. आपल्याकडं ९ मिमी प्रतिबंधित बोअर आणि खासगी आयात नामांकित नेमबाज सोडले तर बंद, त्यामुळं लाळ गाळून उपयोग नाही.)

तुमच्या दोन नगांत डोळे मिटून पहिला. अट एकच, फिनिश मूळ असला पाहिजे. ७० टक्के मूळ ब्ल्यूइंग हे १०० टक्के नव्या ब्ल्यूइंगपेक्षा केव्हाही वरचढ.

सातपासष्ट, मिरज

वरच्याला दुजोरा, आता पीपी हातात घेतल्यावर काय बघायचं ते.

पत्ता झेला-मेहलिस म्हणजे युद्धाआधीचं किंवा युद्धातलं. 'उल्म' असेल तर युद्धानंतरचं. मॅन्युऱ्हिन हे नाव दिसलं तर १९५२ नंतर फ्रान्समध्ये बनलेलं. युद्धाच्या शेवटच्या काळातल्या स्लाइडवर कंपनीच्या नावाऐवजी 'एसी' हा सांकेतिक शिक्का आणि घिसाडघाईच्या मशीनिंगचे ओरखडे दिसतात. ते ओरखडे दोष नाहीत, घासून गुळगुळीत केलेलं 'एसी' पिस्तूल हाच दोष.

गरुडाबद्दल निम्मे लोक फसतात. गरुडाखाली 'एन' हे अक्षर असेल तर ती फक्त दारूच्या दाबाची चाचणी, सगळ्याच नगांवर असायची. १९४० पूर्वी तिथं मुकुट आणि 'एन' होतं. लष्करानं स्वीकारलेल्या वॉल्थरवर गरुडाखाली ३५९ हा आकडा असतो. 'गरुड आहे म्हणजे लष्करी' असं सांगून भाव वाढवणारे खूप, तेव्हा भिंग घेऊन जा.

पुन्हा ब्ल्यूइंग केलंय का, हे ओळखायला शिक्क्यांपेक्षा कडा बघा. स्लाइडच्या वरच्या कडा बोटाला धारदार लागायला हव्यात. पॉलिशच्या चाकावर चढवलेल्या नगाच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात, अक्षरांचे पाय पुसट होतात आणि पिनांच्या भोकाभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. पिना, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा आकडा), स्लाइड सगळं एकाच गर्द काळ्या रंगाचं असेल तरी संशय घ्या. वेगवेगळ्या पोलादावर मूळ रंग वेगवेगळा मुरतो.

मग सेफ्टीची तपासणी, कारण जुन्या पीपीत हा भाग झिजलेला असू शकतो. मॅगझिन काढा. स्लाइड मागं ओढून चेंबर (नळीतली गोळीची जागा) डोळ्यानं आणि करंगळीनं, दोन्हींनी तपासा. नळीचं तोंड वर करून रबराकडच्या बाजूनं पेन्सिल आत सोडा. हॅमर मागं ओढून सेफ्टीची कळ खाली करा. हॅमर पडेल, पण पेन्सिल जागची हलता कामा नये. हलली तर फायरिंग पिनची (गोळीवर आदळणाऱ्या सुईची) अडवणूक होत नाही. म्हणजे गोळी भरून सेफ्टी लावली की बार उडायची शक्यता. असा नग दुरुस्तीशिवाय घेऊच नका.

मॅगझिन एकच आहे म्हणता, तर त्यावर वॉल्थरचं निशाण आहे का बघा. पीपीत आठ गोळ्या मावतात, पीपीकेत सात. हातानं वाकवून जुळवलेल्या ओठांचं (गोळी धरणाऱ्या वरच्या कडांचं) मॅगझिन असेल तर किंमत खाली आणा, मूळ जोड मिळायला वर्षं जातात.

काडतुसाचाही एक घोळ असतो. आपल्याकडं ३२ बोअर म्हटलं की रिव्हॉल्व्हरचं लाँग आणि पिस्तुलाचं एसीपी, म्हणजे ७.६५, दोन्ही त्याच नावानं ओळखली जातात. परवान्यावर 'पिस्तूल' असं स्पष्ट लिहून घ्या. एसीपीच्या बुडाला किंचित कड असते. मॅगझिन भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढं राहिली पाहिजे. मागं अडकली की दोन्ही कुलपासारख्या बसतात आणि बोटानं ढकलूनही हलत नाहीत.

अर्जदार, सातारा

कागदाचं. १४ डिसेंबर २०१९ पासून एका माणसाला दोनच शस्त्रं, वारशानं आलेलं धरून. त्यामुळं संग्रह हा शब्द आपल्याकडं जरा जपूनच वापरावा. दोन नगांचा कसला संग्रह? पण म्हणूनच दुसरी जागा पेटीतल्या शोभेच्या नगावर घालवू नये.

खासगी विक्रीला शस्त्र कायद्याचं कलम ५ लागतं. विकणाऱ्यानं जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला खरेदीदाराच्या नावपत्त्यासह लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. पोच घेतलेली प्रत दोघांकडं हवी. पैसे आधी देऊन टाकायचे आणि अर्ज नंतर, असा उलटा व्यवहार करू नका. अर्ज अडकला की पैसेही अडकतात आणि पिस्तूल मालकाच्याच घरी. विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिथलं ना-हरकत आधी मागा. परवान्याचा यूआयएन (सरकारी नोंदीतला विशिष्ट ओळख क्रमांक) चालू असल्याचीही खात्री करा.

नंबर जुळवताना एक करा. परवान्याच्या पुस्तकात लिहिलेला नंबर आणि फ्रेमवरचा नंबर अक्षरासकट ताडून बघा. जुन्या नोंदीत शेवटचं 'पी' किंवा 'के' अक्षर कारकुनानं गाळलेलं असतं आणि नूतनीकरणाच्या वेळी तेच मोठं लचांड होतं. दुरुस्ती हस्तांतराआधीच, जुन्या मालकाच्या नावानं करून घ्यावी. नंतर केली तर सिद्ध करायची जबाबदारी तुमची.

'क्युरिओ (जुनी संग्राह्य वस्तू) आहे, परवाना लागत नाही' असं सांगून कुणी विकत असेल तर हात जोडा. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनं क्युरिओ बाळगायला सूट दिली, पण वापरायला, अंगावर न्यायला, वाहतुकीला परवाना लागतोच. आणि गोळी झाडता येणारं ३२ बोअर क्युरिओ आहे की नाही, हे तुम्ही आम्ही ठरवायचं नसतं.

पुढचाही विचार आत्ताच करा. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली की, यांतलं जे आधी होईल तेव्हा, वारसाच्या नावे परवाना मागता येतो. वारसाच्या परवान्यावर जागा मोकळी आहे ना, एवढं बघून ठेवा.

ग्रीसवाला, कुपवाड

साठवणीचं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवायचं नाही. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात राहतात, ओल धरली की पोलादाला लागतात. होल्स्टरच्या पितळी बटणाभोवती हिरवं मेण साचलेलं दिसलं तर समजा की त्याच जागी आत पिस्तुलावरही ठिपके पडलेत. लाकडी पेटी आणि मखमल हीसुद्धा ओल धरतात. होल्स्टर, पेटी, कागद हे सगळं जपा, पण वेगळ्या कपाटात.

ग्रिप (मुठीवरच्या पट्ट्या) काढायच्या असतील तर खाचेत घट्ट बसणारा पेचकस घ्या. जुनं प्लॅस्टिक ठिसूळ असतं, स्क्रूजवळ तडकतं आणि ती तडक किंमत खाते. पण काढा जरूर, घामाचा गंज ग्रिपच्या आतच लपलेला असतो.

पुसायला सुती कापड, वर गन ऑइलचा इतका पातळ थर की बोट फिरवलं तर डाग दिसेल, ओघळ नाही. खोबरेल लावू नका. गंजाचे ठिपके असतील तर तेलात भिजवलेली चार शून्यांची (अगदी बारीक) स्टील वूल, अगदी हलक्या हातानं. सँडपेपर म्हणजे गुन्हा. कपाटात सिलिका जेल आणि एक साधा हायग्रोमीटर ठेवा. काटा ५० टक्क्यांच्या आसपास राहू दे, ६० ओलांडला की जेल १२० अंशावर दोन-तीन तास भाजून परत ठेवा.

निवडणुकीत शस्त्र जमा करायचा आदेश निघाला तर, आणि तो निघतोच, द्यायच्या आधी चारही बाजूंनी फोटो, नळीत आणि वर जाडसर ग्रीस, त्यावर व्हीसीआय (गंजरोधक) कागद. एमआयडीसीत मशीनिंगचे पार्ट ज्यात गुंडाळून जातात तोच पिवळसर कागद. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, आत घाम सुटतो. पावतीवर नंबर आणि 'स्थिती' दोन्ही लिहून घ्या, नाहीतर परत आल्यावर डाग आधीचा की नंतरचा यावर वाद घालत बसाल.

गावभागात किंवा नदीकडेला राहत असाल तर तिजोरी तळमजल्यावर नको, २०१९ आणि २०२१ दोन्ही आठवा. पुराच्या पाण्यात गेलंच तर आधी स्वच्छ पाण्यानं गाळ धुऊन काढा, गाळासकट स्लाइड ओढली तर रुळांवर चरे पडतात. मग पूर्ण सुटं करून वाळवा, रॉकेलनं उरलेलं पाणी बाहेर काढा, मग तेल. भिजलेली काडतुसं वाळवून वापरायची नाहीत, ती विक्रेत्याकडं किंवा पोलीस ठाण्यात जमा करा.

कृष्णाकाठ, सांगली

सगळ्यांचे आभार. भिंग घेऊन पुन्हा बघितलं. गरुडाखाली ३५९ आहे, एका ठिकाणी 'एन'ही आहे. स्लाइडच्या कडा धारदार आहेत, पण उजवी ग्रिप डावीपेक्षा फिकी दिसते. पेन्सिल हलली नाही.

सातपासष्ट, मिरज

३५९ आणि 'एन' दोन्ही असणं बरोबरच, चाचणी आधी आणि स्वीकृती नंतर. फिकी ग्रिप बदललेली असू शकते. दोन्ही काढून आतल्या बाजूचे साच्याचे आकडे आणि रंग ताडा. बदललेली निघाली तर भाव उतरवून घ्या, नग सोडू नका. आणि ४५ दिवसांची लेखी सूचना विक्रेत्याला उद्याच द्यायला सांगा, बोलणी तोवर चालू राहतील.