खालचे दोन सुळे काढून इम्प्लांट करावेत, की ते राखून त्यांवर कवळी बसवावी?

अबोली (फोंडा)

माझ्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत. वर त्यांची पूर्ण कवळी असून ती चांगली बसते. खाली मात्र केवळ दोन सुळे उरले आहेत आणि त्यांना तारेच्या आकड्यांनी धरलेली अर्धी कवळी आता इतकी हलते की किसमूर खाल्ली, तर सुक्या सुंगटांचे (कोळंबीचे) बारीक कण तिच्याखाली जाऊन हिरडी सोलवटते. एका दंतवैद्यांनी दोन्ही सुळे काढून त्या जागी दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू) आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी सुचवली आहे. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, सुळ्यांना रूट कॅनल करून, ते हिरडीलगत कापून, मुळे तशीच ठेवावीत आणि त्यांवर कवळी बसवावी. सुळे किंचित हलतात. सासूबाईंना मधुमेह असून त्या गोळ्या घेतात. खर्चाचा विचार आहेच, पण एकदा काढलेला दात परत येत नाही, म्हणून निर्णयाआधी जाणकारांचे मत हवे आहे.

डिचोलीकर (दंतवैद्य)

आपण योग्य वेळी विचारलेत. दात काढला की त्याला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षी ही झीज सर्वांत वेगाने होते आणि पुढे ती मंदावली, तरी आयुष्यभर थांबत नाही. त्यातही खालचा जबडा वरच्यापेक्षा कितीतरी अधिक झिजतो. वर्षानुवर्षे पूर्ण कवळी वापरणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे चौपट आढळले आहे. वरच्या कवळीला टाळूचा रुंद आधार मिळतो आणि ती चिकटून राहते. खालच्या कवळीच्या वाट्याला घोड्याच्या नालेएवढी अरुंद जागा येते, त्यात जीभ तिला सतत ढकलत असते.

मूळ हाडात राहिले, तर भोवतालचे हाड टिकते. सुळे राखून कवळी दिलेले रुग्ण आणि सर्व दात काढलेले रुग्ण यांची पाच वर्षे तुलना करणारा एक अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्यात खालच्या जबड्याच्या पुढील भागातील हाडाची उंची पहिल्या गटात सरासरी ०.६ मिलिमीटरने, तर दुसऱ्या गटात ५.२ मिलिमीटरने घटली. शिवाय मुळाभोवतीच्या तंतूंमुळे चावताना किती जोर पडतो हे रुग्णाला जाणवते. दात काढला की ती जाणीव जाते आणि इम्प्लांट थेट हाडाशी सांधला जात असल्याने तो ती परत देऊ शकत नाही.

सुळे किंचित हलतात एवढ्यावरून ते निकामी ठरत नाहीत. वरचा भाग कापल्यावर मुळावर येणारा आडवा ताण कमी होतो आणि पुष्कळदा हलणेही कमी होते. मात्र एक्स-रेमध्ये मुळाचा निदान निम्मा भाग निरोगी हाडात दिसायला हवा. तसे नसेल तर मी स्वतः ते काढण्याचा सल्ला देईन.

मांडवीकाठ

मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण माझ्या आईची शुश्रूषा मीच करते. तिची मुळे राखली होती, परंतु कवळीखाली लाळेचा प्रवाह पोहोचत नाही आणि ती दिवसभर झाकलेली राहत असल्याने त्यांना कीड लागली. पुढे दोन इम्प्लांट बसवले. खालच्या जबड्यात पूर्ण कवळी हवी असल्यास निदान दोन इम्प्लांटांच्या आधाराची कवळी हाच पहिला पर्याय मानावा, असे २००२ साली मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटले आहे आणि आईला चावताना जो विश्वास आला आहे, तो पाहून मला ते पटते. टायटॅनियमला कीड लागत नाही. तथापि हाडात ते नीट धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने द्यावे लागतात, बटणांतील नायलॉनच्या चकत्या झिजल्या की बदलाव्या लागतात आणि साफसफाई टाळली तर भोवतीची हिरडी व हाड सुजून इम्प्लांटही गमावतो.

डिचोलीकर (दंतवैद्य)

मांडवीकाठ यांचा अनुभव मोलाचा आहे. राखलेली मुळे जातात ती बहुधा किडीने किंवा हिरडीच्या आजारानेच. म्हणून माझा आग्रह क्रमाचा आहे. आज मुळे राखली आणि काही वर्षांनी ती गेलीच, तर तोवर टिकलेल्या हाडात इम्प्लांट बसवता येतात. आधी दात काढले तर मागे फिरता येत नाही. मात्र रात्री कवळी काढून पाण्यात ठेवणे, झोपण्यापूर्वी दोन्ही मुळांचे माथे मऊ ब्रशने घासून त्यांवर फ्लोराइडची जेल लावणे आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करून घेणे एवढे घरात खात्रीने होणार असेल, तरच हा मार्ग धरावा. सासूबाईंच्या हाताला कंप असेल किंवा नजर कमी असेल, तर हे काम आपल्यापैकी कोणाला तरी रोज करावे लागेल. हे आधीच मोकळेपणाने ठरवून घ्यावे.

मधुमेहामुळे इम्प्लांट वर्ज्य ठरत नाही, परंतु तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात नसेल तर जखम भरणे आणि हाड धरणे दोन्ही लांबते. हाडांच्या ठिसूळपणासाठी सासूबाई गोळ्या किंवा इंजेक्शन घेत असतील, तर दात काढण्यापूर्वीही दंतवैद्यांना अवश्य सांगा, कारण त्यातील काही औषधांमुळे क्वचित जबड्याची जखम भरत नाही.

वरच्या कवळीकडेही लक्ष असू द्या. खाली पुढच्या बाजूला भक्कम आधार आला की रुग्ण पुढच्याच दातांनी चावू लागतो आणि वरच्या जबड्याचा पुढचा भाग झिजतो.

अबोली (फोंडा)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रोजची सफाई मी स्वतः करीन. एक्स-रे आणि रक्ततपासणी करून बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात कृत्रिम दातांच्या विभागाचे मत घ्यायचे आम्ही ठरवले आहे. सुळे कापल्यानंतर नवी कवळी होईपर्यंत त्यांना दातांविना राहावे लागेल का?

डिचोलीकर (दंतवैद्य)

बहुतेक वेळा लागत नाही. जुनी अर्धी कवळी सोबत न्या. तिचे आकडे काढून, सुळ्यांच्या जागी दात जोडून आणि आतून मऊ अस्तर देऊन ती तात्पुरती वापरता येते.