साखरपुड्यानंतर आधी काय करावं? : बेळगावकडचा क्रम

साखरपुडा झाला की साड्या-दागिने आधी उरका असं काही जण सांगतात, पण बेळगाव-खानापूर भागात तारीख आणि कार्यालय आधी. चातुर्मासात मुहूर्त धरत नाहीत, त्यामुळे तुळशीच्या लग्नानंतर सगळे एकाच तारखांवर तुटून पडतात. भटजींकडून तीन-चार तारखा घ्या आणि मोकळं कार्यालय बघून त्यातली एक ठरवा. पावतीवर ताबा कधी मिळणार, आदल्या रात्रीच्या हळदीचं भाडं, जनरेटरचं डिझेल आणि पाण्याचा टँकर स्पष्ट लिहून घ्या. भांडणं इथेच होतात.

जेवणाचा आकडा दोन्हीकडच्या याद्या एकत्र करूनच द्या. भाऊबंद आणि गल्लीतली घरं दोन्ही याद्यांत येतात. आचाऱ्याला पंगत की बुफे, तेही आधीच सांगा. शंभर माणसांना साधारण दहा किलो तांदूळ लागतो, पंगतीत थोडा जास्तच.

मुलगी चंदगड-गडहिंग्लजकडची, म्हणजे सीमेपलीकडे महाराष्ट्रातली असेल तर दोघांच्या आधार आणि शाळेच्या दाखल्यावरची नावं आत्ताच ताडून बघा. इकडच्या कागदांवर कन्नडमधून इंग्रजीत आलेलं स्पेलिंग हमखास वेगळं निघतं. पत्रिकेत कागदावरचंच नाव छापा, कारण लग्ननोंदणीला पत्रिका जोडावी लागते.