मदत हवी आहे: लाकडी ठोकळा आणि शिशाचे खिळे एकत्र छापताना

मंडळी, हाताने एक छोटं पुस्तक छापतेय, मजकूर शिशाच्या जुन्या खिळ्यांनी (म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, टाइप) आणि चित्रं लाकडी ठोकळ्यांवरून. ठोकळे बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या कापावर कोरलेत, केसाएवढी रेघसुद्धा इतकी सुरेख उमटते की बघत राहावं, पण त्यातला एक मधे किंचित खोल गेलाय. खिळ्यांची उंची ०.९१८ इंच, ठोकळ्याच्या कडा तेवढ्या भरतात पण मधला भाग नाही, त्यामुळे कडा काळ्याकुट्ट आणि मधल्या रेघा तुटक. दाब वाढवला तर खिळे कागदात रुततात, आणि हा टाइप आता कोणी ओतत नाही, एक अक्षर जरी चेपलं तरी बदली मिळणार नाही, म्हणून तो मार्ग बंदच.

ठोकळ्याखाली टिश्यूचे तुकडे लावले, पण मग तो डुगडुगतो. आता पॅकिंगमध्येच, म्हणजे छापायच्या कागदामागे, फक्त मधल्या भागापुरते थर चढवू का चित्र आणि मजकूर दोन फेऱ्यांत छापू? कागद ओलवून छापतेय, मधल्या वेळात सुकून आकसला तर चित्र जागेवर बसेल का?

ठोकळा घासून सपाट कर असं प्लीज कोणी सांगू नका, कोरीव काम गेलं की गेलं. कोणी केलंय का हे?